नारेगावचा ढिगारा आणि हरित इमारतींची प्रमाणपत्रे

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, चिकलठाणा विमानतळापासून फारशा दूर नसलेल्या नारेगाव-मांडकीच्या शिवारात, तीस वर्षांहून अधिक काळ शहराचा कचरा नेऊन टाकला जात होता, आणि तो तेथे निमूटपणे पडत होता तोवर त्याचे पुढे काय होते याची विवंचना शहरातील सुशिक्षितांना नव्हती, महानगरपालिकेच्या दप्तरालाही फारशी नव्हती. विहिरींचे पाणी नासले, धुराने आणि माश्यांनी घरे भरली, मोकाट कुत्र्यांचे कळप वाढले, अशा तक्रारी भोवतालची गावे वर्षानुवर्षे करीत होती. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी रस्त्यावर ठाण मांडून कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, आणि दररोज चारशे टनांहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या या शहराला आपल्या उष्ट्याखरकट्याचे समोरासमोर दर्शन घडले. चौकाचौकांत ढीग साचले. ते हलविण्यासाठी जी जागा शोधावी तेथले रहिवासी विरोधाला उभे राहत. ७ मार्चला मिटमिटा येथे दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार होऊन प्रकरण विधिमंडळापर्यंत गेले, पोलीस आयुक्तांना रजेवर पाठविण्यात आले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगावात कचरा टाकण्यास मनाई केली, आणि शासनाने नव्वद कोटींच्या आसपास खर्चाची प्रक्रिया-योजना मंजूर केली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी या चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्याची तजवीज झाली ती याच धुमश्चक्रीतून.

त्या दिवसांत सभांतून आणि वर्तमानपत्रांतून एक आशा मोठ्या उमेदीने सांगितली जात असे, ती अशी की कचरा ही वस्तुतः संपत्तीच आहे, ओला आणि सुका एवढे दोन भाग नागरिकांनी घरीच केले म्हणजे पहिल्याचे खत होईल, दुसऱ्याचा पुनर्वापर होईल आणि टाकून देण्याजोगे काही उरणारच नाही. ही आशा खोटी म्हणता येत नाही. परंतु तिला ज्या अटी जोडलेल्या आहेत त्या सांगण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. पदार्थ एकमेकांत मिसळण्यास काहीच खर्च पडत नाही, वेगळे करण्यास मात्र मजुरी, इंधन, पाणी आणि वाहतूक असा चौपदरी खर्च येतो, आणि तो खर्च मिळणाऱ्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाला की त्या क्षणी 'संपत्ती' पुन्हा कचरा होते. पुनर्चक्रणाच्या बहुतेक मर्यादा या एका साध्या हिशेबातून निघतात. हरित इमारतींच्या मर्यादाही, जरा खोलात गेले तर, त्याच वहीत नोंदलेल्या सापडतात.

ओल्या कचऱ्यापासून आरंभ करू, कारण आपल्या शहरांच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. कांचनवाडीचे केंद्र दिवसाला तीस टन ओल्या कचऱ्यापासून जैववायू निर्माण करण्याच्या क्षमतेचे योजले गेले. अशा संयंत्रातील सूक्ष्मजीव भाजीची देठे, शिळा भात, फळांच्या साली यांवर आनंदाने जगतात, परंतु त्यांच्या आहारात प्लास्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या, काचेचे तुकडे आणि झाडलोटीची माती येऊ लागली म्हणजे पंप तुंबतात आणि टाकीच्या तळाशी गाळ बसतो. म्हणून तीस टनांच्या संयंत्राला तीस टन कचरा पुरेसा होत नाही. तीस टन स्वच्छ ओला कचरा लागतो, आणि तो प्रायः उपाहारगृहे, मंगल कार्यालये आणि भाजीमंडई येथूनच मिळू शकतो. चारशे टनांच्या शहरात तीस टनांचे संयंत्र हा आरंभ चांगला आहे, पण त्याला सोडवणूक समजणे भाबडेपणाचे होईल.

उरलेल्या ओल्या कचऱ्याचे खत करावे, तर तेही शेतापर्यंत पोचविण्याचा प्रश्न येतो. शासनाच्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये नत्राचे प्रमाण किमान ०.८ टक्के असावे लागते; युरियात ते ४६ टक्के असते. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका गोणीत जेवढे नत्र आहे तेवढे शहरी खतातून द्यावयाचे तर अडीच टनांहून अधिक खत ट्रॅक्टरने बांधापर्यंत न्यावे लागेल. खत जमिनीला सेंद्रिय कर्ब देते, तिचा पोत सुधारते, पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढविते, आणि यांतले काहीही युरिया करीत नाही, हे पूर्ण सत्य आहे; पण कन्नड किंवा गंगापूर तालुक्यातला शेतकरी जेव्हा पेरणीच्या तोंडावर भाड्याचा ट्रॅक्टर ठरवितो तेव्हा त्याच्या मनात पोत नसतो, फेऱ्या असतात. त्यात खताच्या ढिगात काचेची एखादी कपची पायाला लागली की त्या गावात शहरी खताचे नाव पुढली काही वर्षे निघत नाही.

सुक्या कचऱ्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती समजून घेण्यासाठी भंगारवाल्याच्या वजनकाट्याशेजारी उभे राहण्यासारखी दुसरी शाळा नाही. तेथे पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी, पत्रा वेगळा, तांबे आणि पितळ तर आतल्या खोलीत. प्लास्टिकमध्येही कडक निराळे, नरम निराळे, पाण्याच्या बाटल्या निराळ्या, आणि बाटलीची टोपणे त्याहून निराळी. रसायनशास्त्राचा एकही धडा न शिकलेल्या स्त्रिया केवळ बोटांच्या स्पर्शाने आणि आवाजाने पदार्थ ओळखतात, आणि या देशात जे काही पुनर्चक्रण खऱ्या अर्थाने होते ते बहुतांशी त्यांच्या पाठीवरच्या गोण्यांतून झालेले असते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन होऊन कचरावेचकांना ओळखपत्रे मिळाली. इतर अनेक शहरांत मात्र त्यांची गणना आजही उपद्रवात होते, आणि नवे यंत्रकेंद्र उभारताना पहिला निरोप त्यांनाच दिला जातो. (यंत्रावर कोट्यवधी रुपये खर्चून जी वर्गवारी साधत नाही ती बोटांनी साधते, याचे आपल्या अभियंत्यांना वाटावे तितके आश्चर्य वाटत नाही.)

वर्गवारी एवढी बारकाईने का करावी लागते? पाण्याची बाटली पॉलिएस्टरच्या जातीच्या ज्या प्लास्टिकची असते त्याला 'पेट' म्हणतात. नळाचे पाइप पीव्हीसीचे असतात. दोहोंची घनता इतकी जवळजवळ आहे की पाण्यात टाकले असता दोन्ही बुडतात, त्यामुळे तरंगणारे आणि बुडणारे अशी सोपी विभागणी येथे चालत नाही. आणि पेट वितळण्यासाठी लागणाऱ्या तापमानास पीव्हीसीचे विघटन होऊन त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो व सगळा घाणा पिवळा पडून वाया जातो. मूठभर परका पदार्थ गोणीभर माल बिघडवितो. शुद्ध पेट मिळाले तरी त्याची बहुधा पुन्हा बाटली होत नाही, धागा होतो. त्या धाग्याचे गालिचे, गादीतील भरण आणि सदऱ्यांचे कापड बनते, आणि सुताबरोबर विणलेला तो सदरा फाटला म्हणजे त्याचे पुढे काहीही होत नाही. चक्र म्हणावयाचे तर त्याचा एकच फेरा होतो, आणि तोही उताराचा. कागदाचे तंतू पाच-सात वेळा लगदा झाल्यावर इतके आखूड होतात की त्यांना धरून ठेवण्यासाठी नवा लगदा मिसळावाच लागतो. धातूंची स्थिती पुष्कळ बरी: ॲल्युमिनियम भंगारातून वितळवून घेतले तर खनिजापासून काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, आणि म्हणूनच रस्त्यावर पडलेले ॲल्युमिनियमचे भांडे सकाळपर्यंत तेथे राहत नाही, त्यासाठी कोणाला उपदेश करावा लागत नाही.

याच्या अगदी उलट टोकास बिस्किटांची आणि वेफर्सची चकचकीत पाकिटे आहेत. त्यांत पॉलिएस्टरचा एक थर, धातूचा वर्ख चढविलेला दुसरा आणि उष्णतेने चिकटणारा पॉलिथिनचा तिसरा असे निरनिराळ्या जातींचे थर केसाहून पातळ जाडीत एकमेकांस कायमचे डकविलेले असतात. ओलावा, हवा आणि प्रकाश रोखण्याचे काम हे वेष्टन अप्रतिम करते, आणि जी युक्ती त्याला इतके गुणवान करते तीच त्याला निरुपयोगी करून टाकते, कारण ते थर पुन्हा सुटे करणे कोणाला परवडत नाही. आपल्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत अशा पातळ फिल्म तयार करणारे नामांकित कारखाने आहेत, त्यांनी या भागाला रोजगार दिला आहे, आणि त्यांचा माल जगभर जातो. परंतु त्याच शहराच्या प्रक्रिया केंद्रात ते पाकीट परत आले म्हणजे त्याला गिऱ्हाईक नाही. त्याची भुकटी वा गठ्ठे करून सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळण्याची सोय सांगितली जाते. पण मोठ्या सिमेंट भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात किंवा तिकडे कलबुर्गीकडच्या वाडी परिसरात, म्हणजे येथून शेकडो किलोमीटरवर, आणि माल असा हलका की ट्रक भरतो पण वजन होत नाही. शिवाय जाळणे याला पुनर्चक्रण म्हणणे हा भाषेशी केलेला व्यवहार झाला, वस्तुस्थितीशी नव्हे.

मिटमिट्याच्या दंगलीनंतर जेमतेम पंधरवड्याने, २३ मार्च २०१८ रोजी, राज्य शासनाने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. हातपिशव्या, थर्माकोलच्या ताटवाट्या यांवर तिचा भर होता. दुधाच्या पिशव्यांना परतखरेदीच्या अटीवर मुभा मिळाली, आणि कारखान्यातच भरल्या जाणाऱ्या मालाच्या वेष्टनांना सूट देण्यात आली. मंडईतल्या भाजीवालीला दंड झाला. पाकिटाला झाला नाही. शासनाला यात दुष्ट हेतू होता असे मला वाटत नाही, वेष्टनाशिवाय आजचा व्यापार एक दिवसही चालणार नाही हे कोणीही मान्य करील. पण ज्या वस्तूचे भवितव्य तिच्या आराखड्यातच ठरून गेलेले आहे तिची जबाबदारी घंटागाडीत टाकणाऱ्या गृहिणीवर ढकलण्याचा शिरस्ता त्या बंदीने मोडला नाही, एवढे म्हणावेच लागते. रोलँड गायर, जेना जॅम्बेक आणि कारा लॅव्हेंडर लॉ या तीन संशोधकांनी २०१७ साली जगातील प्लास्टिकचा जो जमाखर्च मांडला त्यानुसार १९५० पासून २०१५ पर्यंत ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण झाले, त्यातील ६३० कोटी टन कचरा झाले, आणि त्या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांचे पुनर्चक्रण झाले. १२ टक्के जाळले गेले, बाकी सारे जमिनीत, नदीनाल्यांत वा समुद्रात गेले. श्रीमंत, शिस्तबद्ध, वेगवेगळ्या रंगांच्या पेट्या बाळगणारे देशही त्या सरासरीत समाविष्ट आहेत, हे आपण स्वतःला फार दोष देऊ लागलो म्हणजे ध्यानात घ्यावे.

या सगळ्या प्रकरणात एक वस्तू मात्र शहाणपणाने वागते, आणि तिचे नाव सभ्य मासिकात घेण्याचा संकोच बाजूस ठेवून सांगतो, की ती बिअरची बाटली होय. संभाजीनगर हे या पेयाच्या उत्पादनाचे मोठे ठाणे आहे. २०१६ च्या दुष्काळात खंडपीठाने मद्य उद्योगांच्या पाण्यात निम्म्याहून अधिक कपात केली तेव्हा साऱ्या देशाला ते ठाऊक झाले. येथे ६५० मिलिलिटरची ठरावीक घाटाची बाटली फुटत नाही तोवर भंगारवाल्याकडून धुलाईकडे, धुलाईकडून कारखान्याकडे आणि तेथून पुन्हा दुकानात अशी पुनःपुन्हा फिरत राहते. ती वितळवावी लागत नाही. सर्वांनी एकच घाट मान्य केला, परत देणाऱ्याला चार पैसे सुटले, की बाकीचा बंदोबस्त बाजार आपोआप करतो. लोणची, तेल, सरबते यांच्या बाटल्यांना असा एक घाट ठरवून देण्याचा विचार आपल्या नियमकर्त्यांना का सुचू नये, हे मला कळत नाही.

आता इमारतींकडे वळू. हरित इमारतीची कल्पना आपल्याकडे मोठ्या थाटात आली. भारतीय उद्योग महासंघाने २००१ साली यासाठी परिषद स्थापन केली, हैदराबाद येथील तिचे सोहराबजी गोदरेज केंद्र अमेरिकेबाहेर अमेरिकी हरित मानांकनाची 'प्लॅटिनम' श्रेणी मिळविणारी पहिली इमारत ठरले, आणि जुलै २००४ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पुढे 'गृह' ही देशी मानांकन-पद्धतीही आली. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने या मानांकनांना आणखी एक आकर्षण जोडले: श्रेणीनुसार ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटई क्षेत्र. म्हणजे पर्यावरणाची काळजी घेणाऱ्यास बक्षीस काय, तर अधिक बांधकाम करण्याची परवानगी! यातला विनोद बहुधा अनवधानाने झाला असावा. मानांकन मिळविताना सौर पाणीतापक, पर्जन्यजलसंचय, सांडपाण्याचा पुनर्वापर, कमी ऊर्जेचे दिवे, जवळच्या अंतरावरून आणलेले साहित्य अशा बाबींना गुण मिळतात, आणि त्यांतली प्रत्येक बाब स्वतंत्रपणे चांगलीच आहे. परंतु गुण बहुतांशी आराखड्यास मिळतात, इमारत मात्र पुढली पन्नास वर्षे माणसे वापरतात. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासकांनी २००९ साली अमेरिकी मानांकनाच्या शंभर इमारतींचा प्रत्यक्ष ऊर्जावापर तपासला, तेव्हा सरासरीने त्यांनी नेहमीच्या इमारतींपेक्षा प्रति चौरस फूट १८ ते ३९ टक्के ऊर्जा वाचविल्याचे दिसले, पण त्याच वेळी त्यांतील २८ ते ३५ टक्के इमारती नेहमीच्या इमारतींहून अधिक ऊर्जा खात होत्या, आणि श्रेणी वरची असली म्हणजे बचतही वरची असेल असे काही आढळले नाही. सांडपाणी शुद्धीकरणाच्या यंत्रणांचे आपल्याकडचे चरित्र सर्वज्ञात आहे: बिल्डर ताबा देऊन जातो, विजेचे आणि देखभालीचे बिल सोसायटीच्या सभेत येते, आणि दोन-तीन वर्षांत यंत्र कागदोपत्री चालू राहते.

संभाजीनगरात हा विषय ऊर्जेपेक्षा पाण्याच्या अंगाने अधिक जाणवतो. शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून येते, आणि जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट, म्हणजे शहरापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली असल्याने प्रत्येक थेंब वर चढवावा लागतो. केवळ उंचीचा हिशेब केला तरी हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलण्यास पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपांची आणि नळातील घर्षणाची तूट धरली तर तिच्या दुप्पट सहज. अशा शहरात गळकी जलवाहिनी दुरुस्त करणे हे कोणत्याही मानांकनात न मोजले जाणारे, परंतु सर्वांत मोठे हरित कार्य ठरते. जुन्या वाहिन्या जीर्ण झाल्या, अनेक वस्त्यांना वर्षानुवर्षे आठ-आठ दिवसांनी नळ आला, आणि १६८० कोटींची म्हणून २०२० साली आरंभिलेली नवी योजना २७४० कोटींवर गेली. इतक्या अवधीत लोकांनी घरोघर कूपनलिका घेतल्या, टँकरवाले पोसले, आणि छतावरील पाण्याकडे आशेने पाहण्यास आरंभ केला.

छतावरील पाण्याचा हिशेबही करून पाहावा. येथे पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर. शंभर चौरस मीटरच्या छतावर ७० हजार लिटर पडतात. गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या सरींची घाण वगळता ५६ हजार हाती लागतील. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी १३५ लिटर या सरकारी प्रमाणाने रोज ६७५ लिटर लागतात, तेव्हा हे पाणी ८३ दिवस पुरेल. ठीक. परंतु त्याच जागेवर पाच मजले चढवून पाच कुटुंबे राहू लागली की तेच छत सर्वांना सतरा दिवसही पुरत नाही, आणि हरित म्हणून जाहिरात होते ती याच बहुमजली इमारतींची. पाणी साठवू नये, जमिनीत मुरवावे, असे म्हणावे तर आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच मावते, आणि भेग कोठे आहे हे शोषखड्ड्याच्या छापील नकाशाला ठाऊक नसते. नियम मात्र ठरावीक आकाराच्या भूखंडांस सरसकट लागू. पाहणी न करता खणलेल्या खड्ड्याचा दाखला मिळतो, पाणी वाहून जाते. शेवटी संचयाचा खरा उपयोग टँकरच्या फेऱ्या कमी करण्यापुरता आहे, आणि तेवढाही थोडा नाही. त्याला पाणीटंचाईवरचा उपाय म्हटले की मात्र तो बदनाम होतो.

येथे मलिक अंबरचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने उत्तरेकडील डोंगरांतील भूजल मातीच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. पाणचक्की पाहण्यास येणाऱ्या प्रवाशाला ती युक्ती आजही कळते. परंतु 'पूर्वज किती शहाणे' या सुराने तिचे गुणगान करणाऱ्यांनी हेही सांगावे की ती नहर आजच्या मानाने लहान वस्तीसाठी होती, आणि शहर वाढले तसतशी तिच्या वाटेवर घरे, रस्ते आणि गटारे आली. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्याविषयीही असेच. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली दाखविले की माती आणि चुन्याच्या त्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळले होते आणि त्यामुळे तो किडीपासून व दमटपणापासून शतकानुशतके वाचला, तर अजिंठ्यात तंतू निराळे असल्याने कीड लागली. माहिती अत्यंत मनोवेधक आहे. पण तीवरून शहराच्या सिडको वसाहतीतल्या पाचमजली इमारती चुन्या-मातीत उभ्या राहणार नाहीत. त्या सिमेंटमध्येच उभ्या राहतील.

आणि सिमेंटपाशी हरित इमारतीची सगळ्यांत कठीण मर्यादा येऊन ठेपते, कारण ती रसायनाची आहे. चुनखडी भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी कोळशावर चालवा की सूर्यावर, टनभर क्लिंकरमागे, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या सिमेंटच्या गाठींमागे, अर्ध्या टनाहून थोडा अधिक वायू केवळ त्या दगडातून निघणारच. जगातील एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. तो कमी करण्यासाठी औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळतात, राखेच्या विटा करतात. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत राखेचा वापर बंधनकारक केला, पुढे ते अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटरपर्यंत वाढविले, त्यामुळे परळीच्या वीजकेंद्राची राख आपल्या बांधकामांच्याही टप्प्यात आली. राख वाया जाण्यापेक्षा भिंतीत गेलेली बरी, यात शंका नाही. परंतु कोळसा जळत राहील तोवरच ही हिरवाई टिकणार, आणि एके दिवशी कोळसा बंद झाला, जो व्हावा अशी आपली इच्छा आहे, तर विटांचा कच्चा मालही बंद होईल.

सळईची कथा याहून समाधानाची. शेजारच्या जालन्यात देशभरातले भंगार लोखंड वितळवून त्याच्या सळ्या ओढणाऱ्या भट्ट्यांनी एक सबंध शहर उभे केले आहे, आणि मराठवाड्यातील कितीतरी स्लॅबांत कोण्या जुन्या मोटारीचे, यंत्राचे वा पुलाचे लोखंड निजलेले असेल. तेथेही मिश्रणाचा तोच हिशेब आडवा येतो: मोटारीच्या वायरींतले तांबे एकदा वितळलेल्या पोलादात मिसळले की ते काढण्याचा परवडणारा मार्ग नाही, प्रत्येक फेऱ्यात ते साचत जाते, आणि प्रमाण वाढले की तापलेली सळई ओढताना तडे जातात. म्हणून भंगारात नवे लोखंड घालून ते सौम्य करीत राहावे लागते.

२०२५ च्या जूनमध्ये मुकुंदवाडीपासून सुरू झालेल्या रस्तारुंदीकरणाच्या मोहिमेत शहरातील मुख्य रस्त्यांलगतची बांधकामे फार मोठ्या संख्येने पाडली गेली, आणि पाडलेल्या इमारतीचे पुढे काय होते हे कोणालाही रस्त्यावर उभे राहून पाहता आले. प्रथम दारे, खिडक्या आणि नळ जातात. मग हातोडे घेतलेले मजूर खांब फोडून सळ्या मोकळ्या करतात, त्या सरळ करून किंवा तशाच वाकड्या विकल्या जातात आणि बऱ्याचशा जालन्याच्या वाटेला लागतात. शेवटी उरते काँक्रीट, आणि त्याला कोणी हात लावीत नाही. ते भरडून खडी करता येते. पण त्या खडीला जुना सिमेंटचा लेप चिकटलेला असल्याने ती पाणी अधिक शोषते आणि बळ कमी देते, म्हणून भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने तिचा वापर सळईविरहित काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, आणि तोही एम-२५ या मध्यम प्रतीपर्यंतच, मर्यादित केला आहे. संपूर्णपणे ती फक्त पायाखालच्या दुबळ्या काँक्रीटमध्ये चालते. गुलमंडी किंवा सिटी चौकाच्या बाजूचे एखादे जुने घर उतरविले जाते तेव्हा चित्र निराळे असते: सागवानी तुळया, चौकटी, घडीव दगड सुटे होतात आणि दुसऱ्या घरात जसेच्या तसे बसतात, कारण ते मुळात एकमेकांत मिसळलेलेच नव्हते, केवळ एकावर एक रचलेले होते.

पाडकामाचा कचरा वेगळा ठेवा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितले, आणि प्रक्रिया केंद्रेही यथावकाश होतील. परंतु नव्या इमारतीच्या हरितपणाचे गुण मोजताना तिच्या जागी कालपर्यंत काय उभे होते, ते का पाडले, आणि त्यात गाडलेले सिमेंट, पोलाद व वीट यांचे किती वर्षांचे आयुष्य अजून शिल्लक होते, याला मानांकनात फार तर दोन-चार गुणांची जागा आहे, तीही जुने राखले तर. नियमावलीत हरित श्रेणीला वरकड ७ टक्क्यांपर्यंत क्षेत्र आहे, आणि जुनी इमारत पाडून पुनर्विकास करणाऱ्या गृहनिर्माण संस्थांसही स्वतंत्र प्रोत्साहन आहे. वारसा-यादीत असलेल्या वास्तूंची वेगळी व्यवस्था आहे. राहिली ती सिडको-हडकोतली पस्तीस-चाळीस वर्षांची साधी घरे, ज्यांच्या गच्चीला पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जे, खांबांना डागडुजी आणि गळक्या नळांना नवे नळ एवढे मिळाले तर ती आणखी पंचवीस-तीस वर्षे सहज उभी राहतील. त्यांच्या मालकाने दुरुस्तीचा अर्ज घेऊन जावे आणि त्याबद्दल काही सवलत मागावी, असा रकाना त्या नियमावलीत मला तरी दिसला नाही.